टवका, पाणीपेपर आणि पॉलिश

डहाणूच्या किनारपट्टीत लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही. खिडकीचे गज, गेटच्या बिजागऱ्या, विहिरीवरच्या पंपाची पेटी, सगळ्यांना दोन पावसाळ्यांत तांबूस कड येते. सरावलीसारख्या गावात चारचाकी बहुधा अंगणात किंवा झाडाखाली उभी असते. बंद गॅरेज ही थोड्यांचीच चैन. झाड चिकूचं असलं तर रात्री वटवाघळं येतात, पिकलेली फळं खातात आणि खालच्या बॉनेटवर पावती ठेवून जातात. ती सकाळी ओली असताना पाण्यानं निघते. दुपारपर्यंत उन्हात भाजली, तर रंगावर पुसट डाग कायमचा राहतो. यातून सुटलेली गाडी अहमदाबाद महामार्गाला लागली, की पुढच्या डंपरच्या टायरमधली खडी उडते, बॉनेटच्या पुढच्या कडेवर बसते आणि तिळाएवढा टवका निघतो.

एवढ्याशा टवक्याचं काय करायचं, याचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत फिरत राहिलं आहे. आधी ते मालकाच्या आणि त्याच्या ड्रायव्हरच्या हातात होतं, मग फुटपाथवरच्या पेंटरकडे गेलं, मग कारखान्यातल्या भट्टीनं ते सगळ्यांच्याच हातून काढून घेतलं. अलीकडे टचअपची बाटली विकत घेऊन घरीच बसणारे नवशिके वाढले आहेत. त्यांना वाटतं आपण काही नवीन करतोय. प्रत्यक्षात ते आजोबांच्या वेळच्या एका सवयीकडे परत चालले आहेत, फक्त रंग आता आजोबांच्या वेळचा राहिलेला नाही. सगळी गोम तिथेच आहे.

पृष्ठभाग राखणं या पट्ट्याला नवं नव्हतंच. अरबी समुद्रावरच्या लाकडी होड्यांना माशाच्या यकृताचं तेल चोपडायची आणि पाण्याखालच्या भागाला चुना-चरबीचा थर द्यायची रीत फार जुनी. डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर कुडाच्या भिंती शेणामातीनं लिंपायच्या, गेरूनं रंगवायच्या आणि लग्नाला त्यावर तांदळाच्या पिठानं देवचौक लिहायचा. पुढच्या कार्याला भिंत पुन्हा लिंपली जायची आणि चौक नव्यानं लिहिला जायचा. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी भिंतीवरची चित्रकला कागदावर आणायला प्रोत्साहन दिलं, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र कायम टिकावं ही अपेक्षा त्यानंतरची. त्याआधी होडी काय आणि भिंत काय, थर पुन्हा द्यायचाच असतो, हे सगळ्यांनी धरूनच चालायचं.

पहिल्या मोटारीही याच जातकुळीतल्या. मुंबईत मोटार आली ती १८९८ च्या सुमारास, आणि त्या पहिल्या मालकांत जमशेटजी टाटांचं नाव घेतलं जातं. तेव्हाच्या गाडीचा सांगाडा बराचसा लाकडी, आणि रंगकाम घोड्याच्या बग्गीचंच. जवसाच्या तेलात घोटलेला रंग ब्रशनं लावायचा, वाळू द्यायचा, झाव्याच्या दगडाच्या पुडीनं घासून सपाट करायचा, पुन्हा लावायचा. असे थरावर थर देऊन शेवटी व्हार्निश. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. व्हार्निश ओलं असताना एक माशी बसली तरी कारागिराला दिवस मोजून मागे जावं लागे. एवढं करूनही उन्हानं ते पिवळं पडे, त्याला भेगा जात, आणि गाडी पुन्हा रंगवायला न्यावी लागे. हेन्री फोर्डनं १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात काढली, कारण त्याला वेग हवा होता. हौसमौज करायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

ही कोंडी रसायनशास्त्रानं फोडली. अमेरिकेत ड्यूपॉं कंपनीनं नायट्रोसेल्युलोजपासून ड्युको नावाचा लॅकर बनवला, आणि १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलँड या गाडीवर तो निळ्या रंगात बाजारात आला. आठवड्यांचं काम तासांवर आलं. पण तो इतक्या झटपट वाळायचा की ब्रशनं लावणं शक्यच नव्हतं. ब्रशचा पुढचा फटकारा मारेपर्यंत मागचा सुकलेला. त्यासाठी हवेच्या दाबानं फवारा मारणारी गन लागली. डेव्हिलबिस या अमेरिकी डॉक्टरनं घशात औषध फवारायचं जे यंत्र काढलं होतं, त्याच घराण्याच्या कंपनीनं रंगाची गन बनवली. आपल्याकडे 'डेव्हलबीज गन' म्हणून जुने पेंटर आजही हात वर करून दाखवतात.

त्याच पाच-सात वर्षांत आणखी दोन वस्तू आल्या, आणि त्या आज चारोटी नाक्यावरच्या पेंटरच्या पत्र्याच्या शेडमध्येही दिसतील. एक पाणीपेपर. मिनेसोटाच्या ३एम कंपनीनं १९२१ मध्ये ओल्यानं घासता येईल असा सँडपेपर काढला. कोरडं घासताना शिशाच्या रंगाची धूळ कारागिरांच्या छातीत जायची; पाण्यामुळे ती खाली बसली, आणि घासकामही गुळगुळीत झालं. दुसरी मास्किंग टेप. दोनरंगी गाड्यांची फॅशन आली तेव्हा एका रंगाची कड झाकायला पेंटर वर्तमानपत्र आणि खळ वापरत, आणि कागद ओढला की खालचा नवा रंगही सोलून यायचा. ३एमचा तरुण कर्मचारी रिचर्ड ड्रू सँडपेपरचे नमुने घेऊन एका गॅरेजमध्ये गेला असताना त्याच्या कानांवर हा शिव्यांचा भडिमार पडला. त्यानं १९२५ साली हलक्या चिकटीची टेप तयार केली. रंगकामाच्या इतिहासात संशोधकांइतकाच वाटा त्या शिव्या देणाऱ्या पेंटरचा आहे, पण त्याचं नाव कुठे लिहिलेलं सापडत नाही.

मुंबई या सगळ्यापासून दूर नव्हती. १९२० मध्ये लोअर परळला गहागन पेंट्स अँड व्हार्निश कंपनी निघाली. आजची कन्साई नेरोलॅक तिचीच वारस. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं शिवडीत गाड्यांची जुळणी सुरू केली. त्याआधी, १९१९ मध्ये, मोटारवाल्यांनी आपली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन काढली होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. महिंद्रांच्या जीप माझगावला जोडल्या जाऊ लागल्या. पत्रा ठोकणारा, झाळ मारणारा, लांबी भरणारा, गन चालवणारा असा कारागीरवर्ग मुंबईत तयार झाला, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी कारखाना सुटल्यावर रस्त्याकडेला स्वतःचं दुकान टाकलं.

त्यांना काम पुरवलं ते सरकारी धोरणानं. स्वातंत्र्यानंतर तयार गाड्यांची आयात बंद झाली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं, इथे गाड्या बनवायच्या असतील तर सुटे भागही इथेच करा, नुसती जुळणी चालणार नाही. शिवडीतली जनरल मोटर्स १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. मागे उरल्या मोजक्या कंपन्या आणि वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षा याद्या. कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट एकदा दारात आली की ती वीस-पंचवीस वर्षं राहायची, मुलाच्या लग्नात वरात काढायची आणि नातवाला शाळेत सोडायची. अशी गाडी मधून मधून रंगवणं भागच होतं. 'फुल पेंट' हा घराच्या रंगरंगोटीइतकाच कौटुंबिक निर्णय असायचा.

आणि तो फुटपाथवर होऊ शकत होता, याचं कारण पुन्हा लॅकर. हवेत वाळणारा, काही मिनिटांतच धूळ धरेनासा होणारा रंग असल्यामुळे भट्टी नको, बंद खोली नको. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा कुठल्याही उपनगराच्या गल्लीत पेंटर गाडीच्या काचा, दिवे, टायर वर्तमानपत्रानं झाकायचा आणि सरळ गन हाती घ्यायचा. पावसाळ्यात मात्र त्याचे हाल. दमट हवेत थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग पांढुरका पडतो. जाणते पेंटर जुलै-ऑगस्टमध्ये पत्रा ठोकायचं काम घेत आणि रंगाला 'गणपतीनंतर बघू' म्हणत.

लॅकरचा एक गुण मात्र आता कोणाला आठवत नाही. तो वाळला तरी थिनरमध्ये पुन्हा विरघळायचा. त्यामुळे टवक्यात टाकलेला नवा थेंब जुन्या रंगाच्या कडा किंचित विरघळवून त्यात मिसळून जायचा, आणि वरून हलकं घासलं की जोड दिसेनासा व्हायचा. दोष असा, की उन्हानं त्याची वरची पातळी मरायची. हात फिरवला तर बोटाला रंगाची पूड लागे. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी रबिंग कंपाउंड घेऊन तो मेलेला थर काढायचा, खालचा ताजा रंग उघडा करायचा आणि वर मेण चढवायचं. रविवारी सकाळी बनियनवर, हातात वॅक्सपोलची डबी आणि जुन्या धोतराचा तुकडा घेऊन बॉनेटवर गोल गोल हात फिरवणारा गृहस्थ हे मुंबई-पुण्याच्या जुन्या कॉलन्यांतलं नेहमीचं दृश्य होतं. तो हौशी नव्हता, बिचाऱ्याला दुसरा इलाजच नव्हता.

यात पारशी मालकांचा दबदबा वेगळा. जुन्या गाड्यांच्या बाजारात 'पारशाची गाडी' एवढं सांगितलं की दलाल किमतीत दोन पैसे जास्त मागायचा, आणि घेणारा देत असे. डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांत इराणी-पारशी बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे ही कीर्ती इथे मुंबईहून ऐकायची गरज पडली नाही. गाडी आल्या आल्या धुणं, ओल्या कपड्यानं पुसणं, दारांच्या खालच्या कडांतली पाणी जायची भोकं टाचणीनं मोकळी करणं, अशा बारीक गोष्टींत त्या कीर्तीचं मूळ होतं. त्यात भोकांचं काम सगळ्यात महत्त्वाचं. फियाटची दारं वरून क्वचितच गंजत. ती आत साचलेल्या पाण्यानं खालून कुजत, आणि तोवर वरचं पॉलिश लखलखत असे.

टॅक्सीचा हिशेब निराळा. मुंबईच्या टॅक्सीला वर पिवळा आणि खाली काळा रंग द्यायची कल्पना स्वातंत्र्यसैनिक आणि खासदार विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी नेहरूंना सुचवली, असं सांगितलं जातं. लांबून ओळखू यावी म्हणून वर पिवळा, डाग झाकावेत म्हणून खाली काळा. ही गोष्ट खरी असो वा नसो, व्यवहाराला चोख बसते. खडी, चिखल, दुसऱ्याच्या बंपरचा घसटा, सगळं खालच्या निम्म्या भागावर येतं, आणि काळ्यावर काळा ब्रश मारायला पेंटरही लागत नाही. आरटीओच्या पासिंगच्या आदल्या आठवड्यात टॅक्सीवाला डबा घेऊन स्वतःच बसायचा. तेच गणित पुढे जव्हार-मोखाड्याच्या घाटांत माणसं कोंबून धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपना लागू पडलं. मुंबईत टॅक्सी म्हणून धावणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन नव्या शतकाच्या तोंडावर थांबलं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी अग्रलेखासारखे निरोप लिहिले. डब्यातला उरलेला काळा रंग कोणी काय केला, ते कोणी विचारलं नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू रंगाची सगळी व्यवस्था पालटली. नव्या कारखान्यांत उघडा पत्रा आधी फॉस्फेटच्या न्हाणीतून जातो, मग विजेच्या दाबानं प्राइमर चढवणाऱ्या टाकीत अख्खा बुडतो. कॅथोड पद्धतीचा हा प्राइमर १९७० च्या दशकात जगभर पसरू लागला. जिथे गनचा फवारा कधीच पोचला नसता अशा खाचाखोचांतही तो बसतो. त्यावर सरफेसर, त्यावर रंगाचा बेस कोट, आणि सगळ्यांवर पारदर्शक क्लिअर कोट. प्रत्येक टप्प्याला भट्टी. भट्टीत भाजलेला हा रंग थिनरला दाद देत नाही. त्याचे रेणू एकमेकांत गुंतून बसलेले असतात. उन्हानं पूड होत नाही, महिन्याला घासावं लागत नाही. रविवारचं पॉलिश संपलं. टवका भरायला पेंटरही हळूहळू नको म्हणू लागला, 'पूर्ण पॅनेल मारू' म्हणू लागला, कारण एका ठिपक्यापेक्षा अख्खं बॉनेट एकसारखं करणं त्याला सोपं आणि फायद्याचं. १९९७ मध्ये एशियन पेंट्सनं अमेरिकेच्या पीपीजीबरोबर गाड्यांच्या रंगासाठी भागीदारी केली, आणि डोळ्यानं शेड मारणाऱ्या पेंटरच्या जागी रंगाचा कोड वाचून ग्रॅमवर मिश्रण करणारी यंत्रं आली. जुना पेंटर मात्र अजूनही लाकडी काडीवर रंग घेतो, उन्हात गाडीला लावून बघतो आणि मान हलवतो.

भट्टीचा रंग एका बाबतीत फसवा आहे. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, आणि वरचा क्लिअर कोट त्यातला ४० च्या आसपास, म्हणजे डोक्याच्या एका केसाहूनही बारीक. कंपाउंडनं घासून नवं करायचं म्हटलं तर किती वेळा घासणार? आजोबांचं रबिंग या रंगाला चार-सहा वेळांतच उघडं पाडेल. आणि टवक्यात टाकलेला नवा थेंब जुन्या कडांत विरघळत नाही. तो त्यांच्या शेजारी पाहुण्यासारखा बसतो. कड कायम दिसते, ती हातानंच उतरवावी लागते.

याच सुमारास टवकेही वाढले. मुंबई-अहमदाबाद रस्ता तोवर अरुंद, खड्ड्यांचा. मनोर, चारोटी, तलासरी करत अच्छाडच्या सीमेपर्यंत जाणारी गाडी चिखलानं माखायची, धुळीनं भरायची, पण तिच्यावर खडी क्वचितच जोरात बसायची. १९९९ मध्ये सुवर्ण चतुष्कोण योजना सुरू झाली, त्यात हा रस्ता आला, रुंद झाला, पुढे आठ क्रमांकाचा अठ्ठेचाळीस क्रमांकाचा झाला. हवेत उडालेला खडा गाडीला ताशी ४० ऐवजी ८० नं भेटला तर आघात दुप्पट होत नाही, चौपट होतो. शिवाय खडीची वाहतूक करणारे डंपर याच रस्त्यावर. बॉनेटची पुढची कड, आरशांची पाठ, छताचा काचेलगतचा पट्टा, या जागा नेमक्या वाऱ्याला तोंड देणाऱ्या. मालक रंग विसरला होता, त्याच वेळी रस्त्यानं रंगाला लक्ष्य केलं.

टवका प्राइमरपर्यंतच गेला असेल तर घाई नाही. तळाला राखाडी किंवा फिकट थर दिसतो. पण चकाकता पत्रा दिसला की डहाणूच्या हवेत मोजणी सुरू होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा खातो, म्हणून तो कडेच्या रंगाखाली शिरून त्याला उचलतो. वरून एक फोड दिसते, आत रुपयाएवढं खाल्लेलं असतं. समुद्राच्या हवेतलं मीठ ही क्रिया वेगानं चालवतं.

म्हणून सरावलीत हे काम पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आधीच्या कोरड्या दिवसांत करावं. सकाळी, सावलीत, पत्रा थंड असताना. आधी गाडी धुऊन घ्यायची, आणि इथेच पहिली चूक होते. आपल्याकडे रोज सकाळी कोरडं फडकं मारायची पद्धत आहे. धुळीतले कण त्या फडक्यानं रंगावर फिरतात आणि उन्हात जे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकतात ते बहुतेक यातले. भरपूर पाणी, गाडीचा शाम्पू, एक बादली साबणाची आणि दुसरी फडकं खंगाळायची. भांड्यांचा साबण मेणही काढून नेतो, म्हणून तो एरवी टाळावा. टवक्याच्या जागी मात्र मेण नकोच असतं. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा फिरवायचा. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं गाडी चमकवायची जुनी युक्ती इथे घात करते, कारण त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि वरचा रंग महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो.

गंज असेल तर तो खरवडल्याशिवाय पुढे जाऊच नये. पेन्सिलीच्या मागच्या टोकाला पाणीपेपरचा बारीक गोल चिकटवून टवक्याच्या आतच फिरवायचा. बाहेरचा धड रंग घासायचा नाही. पत्रा उघडा असला तर प्राइमरचा एक पातळ थेंब, तो वाळेपर्यंत थांबायचं. रंगाचा कोड इंजिनाच्या खोलीत किंवा दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. 'पांढरा द्या' म्हणून कोणी दिलेला पांढरा बसत नाही, पांढऱ्याच्याच अनेक छटा असतात. टचअपच्या बाटलीच्या झाकणाला जो ब्रश येतो तो या कामाला जाडाच. टूथपिकचं टोक बुडवून टवक्याच्या मध्यभागी टेकवावं, रंग आपोआप कडेकडे सरकतो. एका वेळी खड्डा भरायचा मोह नकोच. वाळताना थर आक्रसतो, म्हणून दोन-तीन पातळ थेंब, मध्ये पुरेसा वेळ ठेवून. मेटॅलिक रंगात बाटली खूप वेळ हलवावी लागते, कारण अॅल्युमिनियमचे कण तळाला बसतात. शेवटी क्लिअरचा थेंब, आजूबाजूच्या पातळीहून किंचित उंच राहील इतका.

मग आठवडाभर काहीच करायचं नाही. ही पायरी नवशिक्याला सगळ्यात जड जाते. रंग वरून सुकलेला वाटतो, आतून मऊ असतो; घाईनं घासला तर अख्खा ठिपका पेपरला चिकटून बाहेर येतो. आठ दिवसांनी लाकडाच्या छोट्या तुकड्याला २००० नंबरचा पाणीपेपर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त वर आलेल्या थेंबावर हलके फटके मारायचे. भोवतीच्या क्लिअर कोटवर ओरखडा येऊ नये म्हणून जुने पेंटर टवक्याभोवती मास्किंग टेप लावतात. थेंब सपाट झाला की बारीक कंपाउंड, मग पॉलिश, मग मेण. जवळून पाहिलं तर जागा कळेल. दोन हातांवरून कळली नाही तर काम उत्तम झालं म्हणायचं.

दसऱ्याचं काय? गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढणारे हात कोणी थांबवू शकत नाही, आणि थांबवूही नयेत. पण पांढऱ्या गाडीवर ओलं कुंकू दिवसभर राहिलं की गुलाबी सावली उरते, आणि हार बांधायचा दोरा वाऱ्यानं हलत एकाच जागी रंग घासतो. काचेवर स्वस्तिक काढलं तरी पूजा होते. हार रेडिएटरच्या जाळीला बांधावा, संध्याकाळी काढावा.

काही काम घरी करू नये. पत्रा आत गेला असेल, टवका रुपयापेक्षा मोठा असेल, रंगाची कड नखानं उचलते आहे असं वाटलं, तर सरळ गॅरेज गाठावं. बंपर बहुतेक प्लास्टिकचा असतो. तो गंजत नाही, पण त्यावरचा रंग लवचीक हवा, साधा टचअप तडकतो. चंदेरी आणि मोतिया रंगांत कणांची दिशा जुळवणं अनुभवी माणसालाही चुकवतं. उलट एकरंगी जुन्या लाल-पांढऱ्या गाड्या नवशिक्याला दया दाखवतात. आणि गाडीचा अख्खा रंग बदलायचा मनात आलं, तर तो आरसी बुकात नोंदलेला असतो, आधी आरटीओची परवानगी लागते.

अलीकडे वापीत आणि मुंबईत नवी गाडी शोरूममधून निघताच पारदर्शक फिल्म लावून घेणारे वाढले आहेत. तिची सुरुवात व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांवर वाळू-खडी बसू नये म्हणून लावलेल्या पॉलियुरेथेनच्या पट्ट्यांपासून झाली. खडीचा मार ती खाते, छोटे ओरखडे उन्हात आपोआप भरून येतात, आणि तिचा खर्च ऐकून मालक खुर्ची पुढे ओढून बसतो. जुन्या गाडीला लावायची म्हटली तर फिल्मवाला आधी बॉनेटवर हात फिरवतो, बोट थांबेल तिथे मार्करनं खूण करतो आणि सांगतो, हे टवके आधी भरून आणा, नाहीतर फिल्मखाली हवेचे फुगे राहतील आणि गंज आतल्या आत चालू राहील.